तान्हं बाळ, दुडदुडतं मूल आणि पोहणं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर मी गेली अठरा वर्षं लहानग्यांना पाण्यात उतरवते. एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. तीच उत्तरं वीस जणांना वीसदा सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढली. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांनाच विचारायला हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

बाळ किती महिन्यांचं झालं की पाण्यात न्यायचं?

पाण्यात नेणं वेगळं आणि पोहायला शिकवणं वेगळं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की बाळाला कधीही न्या, लसीकरण पूर्ण व्हायचीही वाट बघू नका. पण तिथले बाळांचे तलाव बंदिस्त असतात आणि पाणी कोमट, ३२ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक तलाव उघड्यावरचे, पाणी न तापवलेलं. म्हणून मी सांगते: बाळानं मान नीट धरलेली हवी, आधार देऊन बसवलं तर बसायला हवं. हे साधारण सहाव्या महिन्याच्या पुढे होतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदयाचा किंवा फिटचा काही त्रास असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

शिकवण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१९ पासून म्हणते की पहिल्या वाढदिवसानंतर शिकवणी सुरू करायला हरकत नाही, आणि चार वर्षांची बहुतेक मुलं शिकायला तयार असतात. वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवण्या लावल्याने बुडण्याचा धोका कमी होतो, असा पुरावा मात्र नाही, हेही तेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटना आणखी सावध आहे. ती पोहण्याच्या शिकवणीचा आग्रह सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी धरते. तेव्हा शेजारच्या सोसायटीतलं दहा महिन्यांचं बाळ ‘बॅच’ला जातं म्हणून तुमचं मागे पडलेलं नाही.

मग वर्षाच्या आत नेऊन उपयोग काय?

मजा. आणि ओळख. तेवढं पुरे आहे.

खरं तर आपल्या घरांत ही ओळख आधीच झालेली असते. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आठवा. पाटावर बसून पाय लांब केलेले, नडग्यांवर बाळ पालथं, तेलानं चकचकीत. मावशी तांब्या उचलतात तेव्हा दुसरा हात बाळाच्या कपाळावर आडवा धरतात, पन्हाळीसारखा. पाणी डोक्यावरून येतं आणि कानांमागून निघून जातं, नाकात जात नाही. आणि प्रत्येक तांब्याआधी तोंडानं काहीतरी चालू असतं, ‘आला आला आला... भुर्रर्र!’ आठवडाभरात बाळाला तो ‘भुर्रर्र’ कळायला लागतो. ऐकलं की डोळे मिटतं आणि क्षणभर श्वास धरतं. मी तलावात नेमकं हेच करते. एक-दोन-तीन म्हणून खांद्यावर पाणी, मग मानेवर, मग डोक्यावर. परदेशी प्रशिक्षणात हे मला आलेखांसकट शिकवलं गेलं, तेव्हा मला आमच्या मावशी आठवून हसू आलं.

म्हणून पहिला सराव घरातच करा. मोठ्या टबात कोमट पाणी, आईबाबांपैकी एक जण सतत हात लावून. पाण्यावर फुंकर मारून बुडबुडे काढून दाखवा. पाण्यात तोंडानं हवा बाहेर सोडता येणं हा पोहण्याचा श्रीगणेशा आहे आणि तो बादलीत गिरवता येतो.

व्हिडिओत तर तीन महिन्यांची बाळं पाण्याखाली आपोआप पोहताना दिसतात!

ती पोहत नसतात. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आलं की घसा आपोआप मिटतो, श्वास थांबतो. पाण्यात पालथं धरलं तर हातपायही हलतात. जन्मजात असलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण सहा महिन्यांनंतर ओसरत जाते. त्या बाळाला डोकं वर काढून श्वास घेता येत नाही, आणि पोहण्यात खरं काम तेच तर आहे.

शिवाय घसा मिटला तरी पाणी पोटात जातंच. लहान बाळानं भरपूर पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग बाळ पेंगुळतं, चिडचिडं होतं, उलट्या होतात, फिटसुद्धा येऊ शकते. पोहून आल्यावर असं काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. बाळाला पुन्हा पुन्हा पाण्याखाली बुडवून ‘कसं पोहतंय बघा’ दाखवणारा प्रशिक्षक भेटला, तर टॉवेल गुंडाळा आणि घरी या. पैसे परत नाही मिळाले तरी चालतील.

आजोबा म्हणतात, आम्हाला विहिरीत ढकलून दिलं, आम्ही नाही का शिकलो?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि मीही विहिरीतच शिकले, म्हणून थोडं सविस्तर.

आमचं गाव कराडच्या बाजूला. मे महिन्यात काका आम्हा सगळ्यांना मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे. पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचे बिंडे बांधलेले. हे लाकूड इतकं हलकं, की बिंडा बांधल्यावर बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. कुणाच्या पाठीला वाळका भोपळा, कुणाच्या तेलाचा रिकामा डबा. काका स्वतः पाण्यात, पायऱ्यांपाशी. चार दिवसांनी बिंडा थोडा छोटा व्हायचा, आणखी चार दिवसांनी आणखी छोटा. आपला आधार कधी सुटला हे पोराला कळायचंही नाही. आजच्या कुठल्याही चांगल्या शिकवणीचं सूत्र हेच आहे. आधार हळूहळू कमी करायचा आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर ठेवायचं.

ढकलायचे ते काठावरचे उनाड चुलतभाऊ. त्यांच्यामुळे कुणी शिकलं नाही. माझी एक मावसबहीण त्या दिवशी दोन गटांगळ्या खाऊन बाहेर आली ती आली. आज पन्नाशीला टेकली, अजून गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. आणि आजोबांना एक विचाराच, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता? उत्तर आठ-दहा येईल. दोन वर्षांच्या मुलाला विहिरीत कुणीच ढकलत नव्हतं.

एकदा पोहायला शिकलं की बुडायची भीती नाही ना?

आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रीतसर शिकवणी घेतलेल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. शिकवण्या विकणारे हा आकडा छापतात. त्या अभ्यासातली मुलं थोडी होती, हे छापत नाहीत. शिकवणीचा फायदा असेलच, मी उगाच नाही शिकवत. पण माझ्याकडे छान तरंगणारं तीन वर्षांचं मूल कपडे-बुटांसकट, घाबरलेलं, गढूळ पाण्यात पडलं तर तरंगेलच, असं मी लिहून देणार नाही.

लहान मूल बुडतं ते आवाज न करता. हात हलवून ‘वाचवा’ ओरडणं सिनेमात. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, ओरडायला हवाच नसते. म्हणून मूल पाण्यात असताना तुम्ही काठावर खुर्ची टाकून ‘लक्ष ठेवून’ असलात तर ते लक्ष मी मोजत नाही. हात लांब केला की मूल हातात आलं पाहिजे. फोन पिशवीत. दोघं-तिघं मोठे असाल तर पाळी लावा: ‘आता दहा मिनिटं तू.’ पाळी न लावता पाच जण असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे.

आणि तलाव सोडून बोलू. रांगणारं मूल बादलीत डोकावतं, डोकं जड म्हणून पुढे कलंडतं आणि त्याला परत उठता येत नाही. त्याला वीतभरही पाणी लागत नाही, चार-पाच सेंटीमीटरसुद्धा पुरतं. न्हाणीघरातली भरलेली बादली, पाणी एक दिवसाआड येतं म्हणून भरून ठेवलेला पिंप, अंगणातला झाकण नसलेला हौद, बांधकामावरची पाण्याची टाकी. गावाकडे आता शेततळी आली. आत प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळं. घसरलेलं मूल सोडाच, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ पकडता येत नाही. शेततळ्याला कुंपण हवं, आणि आत चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडलेला हवा. हे काम एका दुपारचं आहे.

बांगलादेशात असं दिसलं की लहान मुलं बुडतात ती मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई स्वयंपाकात आणि कामात असते तेव्हा. तिथे त्या वेळेपुरती गावोगाव पाळणाघरं काढली आणि बुडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. एवढ्या लहान मुलांना पोहायला शिकवलं नव्हतं, फक्त त्या चार तासांत कुणीतरी त्यांच्याजवळ होतं. तुमच्या घरातले असे तास कोणते, हे एकदा बघा. माझ्या घरी सकाळी साडेसात ते साडेआठ. डबे, गॅस, दूधवाला.

दंडाचे फुगे, ट्यूब, मानेत अडकवायचं रिंग: काय घ्यावं?

मानेतलं रिंग घेऊ नका. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याविरुद्ध इशारा दिला. त्यातून बाळ निसटू शकतं, मानेवर ताण येतो, आणि बाळ बाहुलीसारखं लटकतं, शिकत काहीच नाही. दंडाचे फुगे आणि बदकाची ट्यूब ही खेळणी आहेत. फुगा फुटतो, ट्यूब उलटी होते. शिवाय फुग्यांमुळे मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लागते आणि पोहायचं तर आडवं व्हावं लागतं, ती सवय मोडायला मला महिना जातो. होडीत बसणार असाल तर मुलाच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट. तलावात, तुमचे हात.

पाणी किती गार चालेल? किती वेळ ठेवायचं?

तुमचं कोपर बुडवा. ‘अरे वा, गार आहे’ असं वाटलं तर बाळाला ते फारच गार. तान्ह्यांसाठी ३२ अंश ही चांगली खूण. वर्षादीडवर्षाच्या पुढे, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उथळ तलावाचं पाणी दुपारपर्यंत पुरेसं उबदार होतं, पण तेव्हा ऊन असतं. म्हणून संध्याकाळी साडेचारनंतर या. पहिल्या वेळी दहा मिनिटं, मग वाढवत अर्ध्या तासापर्यंत. ओठ निळसर दिसले, हनुवटी थरथरली की लगेच बाहेर, खेळ कितीही रंगलेला असो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचं नाही, सावलीत ठेवायचं.

डायपरचं काय?

साधा डायपर पाणी पिऊन उशीसारखा फुगतो आणि फुटतो. मग त्यातला जेलीसारखा लगदा तलावभर. पोहण्याचा वेगळा डायपर मिळतो. पण तो शू अडवत नाही आणि शी फार तर काही मिनिटं धरतो. दर अर्ध्या तासानं बाहेर काढून बघा, आणि बदला तो कपडे बदलायच्या खोलीत, काठावर नाही.

जुलाब होत असतील तर आणू नका. खरोखर आणू नका. ‘सकाळपासून एकदाच झाली’ म्हणणारे पालक दर वर्षी भेटतात. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर जगतो. डॉक्टरांनी या जंतूचं नाव घेतलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबा.

तलावाचं पाणी चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. नाही दिसली तर उतरू नका, कारण तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. मग तिथल्या माणसाला आजचं क्लोरीन आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) विचारा. क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच ७ ते ७.८ असावा. नोंदवही दाखवायला का-कू केली तर समजून घ्या. आणि नाकात झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ स्वच्छतेची खूण नाही. क्लोरीन आणि लोकांची शू, घाम एकत्र आले की तो वास येतो. म्हणून सगळ्यांनी आधी शॉवर घ्यायचा. मालीश करून आणलेल्या बाळाचं तेलही धुवायचं. एक तर पाण्यावर तवंग येतो आणि दुसरं म्हणजे तेलकट बाळ हातातून निसटतं.

साचलेल्या, कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात लहान मुलांचं डोकं बुडवू नका. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले. तो अशाच पाण्यातून नाकावाटे जातो.

सर्दी होईल, कान फुटतील, असं सासूबाई म्हणतात.

सर्दी विषाणूनं होते, पाण्यानं नाही. पण ओल्या अंगानं वाऱ्यात उभं केलं तर मूल कुडकुडतं आणि सासूबाईंना मुद्दा मिळतो. टॉवेल काठावरच ठेवा. ताप, कान दुखणं, डोळे आलेले, अंगावर ओली जखम असेल तर सुट्टी. कानात पाणी गेलं तर डोकं एका बाजूला कलवून कानाची पाळी हलकेच ओढा, निघतं. काडी नको, बड नको, गरम तेल तर मुळीच नको.

मूल पाण्याजवळ नेलं की किंचाळतं. जबरदस्ती करू का?

नको. दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये एक अडीच वर्षांचा मुलगा यायचा. पहिले नऊ दिवस तो पायरीवर बसून लाल मगानं पाणी उपसून परत तलावात ओतत होता, बस. वडील फी आठवून घड्याळ बघायचे. दहाव्या दिवशी तो लाल मग हातातून सुटून दुसऱ्या पायरीवर गेला आणि हा मागोमाग उतरला. पाणी छातीला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं. रडावं की नाही याचा त्यानं विचार केला आणि लाल मग उचलला. त्या उन्हाळ्यात तो पोहायला शिकला नाही. शिकणारही नव्हता.

त्यावरूनच ‘एका महिन्यात शिकेल का’ या प्रश्नाचंही उत्तर देते. चारच्या आतलं मूल महिन्याभरात बुडबुडे काढेल, तोंड पाण्यात घालेल, तुमच्या हातावर उताणं तरंगेल, उडी मारून तुमच्याकडे वळेल आणि काठ धरेल. मी सगळ्यात जास्त मेहनत काठ धरण्यावर घेते. फ्रीस्टाईल पुढे शिकायला आयुष्य आहे.

मलाच पोहता येत नाही. मी मुलाबरोबर उतरू का?

उतरा. कमरेएवढ्या पाण्यात, जिथे तुमचे पाय पक्के टेकतात तिथे पोहता यायची गरज नाही. पण तलावावर सुती सलवार-कुडता किंवा गाऊन चालत नाही. तो पाण्यानं जड होतो, पायात येतो. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोशाख मिळतो, आणि तो घातल्यावर कुणी बघतंय का याचा विचार पहिल्या पाच मिनिटांत संपतो. बाळंतपण झालेलं असेल तर रक्तस्राव थांबून डॉक्टरांची तपासणी होऊ द्या. मुलाला पोशाख भडक घ्या, नारिंगी किंवा पोपटी. निळा आणि पांढरा पाण्याखाली दिसत नाही. बायकांच्या वेळेत आपल्याच मुलाच्या निमित्तानं शिकून घेतलेल्या कितीतरी आया माझ्याकडे आहेत.

सुट्टीत कोकणात, गोव्यात जातोय. समुद्रात चालेल?

ओल्या वाळूत बसवा, लाट पायाला लागू द्या, खड्डा खणा. लहान मुलाला त्यापुढचा समुद्र लागतच नाही. गोव्यात मुख्य किनाऱ्यांवर जीवरक्षक आणि झेंडे असतात, लाल झेंडा असेल तर पायसुद्धा नाही. कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर कुणीच नसतं, तिथे गावकऱ्याला विचारा. तो ‘हय नको’ म्हणाला तर वाद घालू नका. पावसाळ्यात नाहीच.

नाकातोंडात पाणी गेलं तर? आणि खरंच बुडालं तर?

ठसका लागला, खोकला, रडलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर काही नाही. पुढच्या काही तासांत खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, फार सुस्त वाटत असेल तर दवाखाना.

मूल बाहेर काढल्यावर श्वास घेत नसेल तर उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं फुफ्फुसात जातं. आधी तोंडानं श्वास द्यायचा. तान्ह्याचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरून. मग छातीवर दाब, ३० दाबांमागे २ श्वास. दुसऱ्यानं लगेच १०८ किंवा ११२ लावायचा. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर दोन तास करून बघावं लागतं. शहरातली बरीच रुग्णालयं असा वर्ग घेतात. पोहण्याची फी भरण्याआधी घरातल्या दोघांनी तो करा.

पिशवीत काय न्यायचं?

दोन टॉवेल, एक काठावरचा आणि एक नंतरचा. पोहण्याचे दोन डायपर. कोरडे कपडे, टोपी, ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी. घरचा एक मग. पायातले वाळे आणि कानातले डूल घरीच काढून ठेवा, जाळीत अडकतात. दूध पाजलं असेल तर अर्धा तास थांबून उतरवा, नाहीतर ते पाण्यावर परत येतं. आणि खाऊ न्याच. पाण्यातून निघालेल्या मुलाची भूक बिस्किटावर भागत नाही. पोळी कुस्करून तूप-गुळाचे दोन लाडू वळून आणा. एक मुलाला, आणि एक तुम्हालाही लागेल.